उज्जयिनीचा मध्याह्न

महाकालेश्वराच्या दर्शनास जाणारे आपल्याकडील यात्रेकरू दर्शन, क्षिप्रास्नान, हरसिद्धी आणि सांदीपनींचा आश्रम एवढें उरकून बहुधा ओंकारेश्वराची वाट धरतात. शहराच्या नैर्ऋत्येस, क्षिप्रेपासून जवळच, जयसिंहपुरा नांवाच्या भागांत चुनेगच्ची कांहीं चमत्कारिक बांधकामें उभीं आहेत, हें कानावर आलें तरी पाय तिकडे वळत नाहींत. यांत मी कोणास दोष देत नाहीं. एकोणचाळीस वर्षें मीं वर्गांत मुलांकडून "लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी प्राचीनांची मध्यरेषा उज्जयिनीवरून जात असे" हें वाक्य घोकून घेतलें. पण ती उज्जयिनी स्वतः पाहावी असें सेवेंत असतां एकदांहि मनांत आलें नाहीं. योग आला तो सेवानिवृत्तीनंतर, आणि तोहि घरांतील मंडळींच्या नवसामुळें. माघ महिना होता, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. बरोबर चिरंजीव, सूनबाई आणि दहा वर्षांची नात.

महाकालाचें सध्यांचें मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनीं अठराव्या शतकांत उभारविलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्याच शतकाच्या पूर्वार्धांत, माळवा मराठ्यांच्या हातीं पुरता येण्यापूर्वीं, तेथील मोगली सुभेदारीवर असलेले आंबेरचे राजे सवाई जयसिंह यांनीं ही वेधशाळा बांधली. दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, काशी व मथुरा अशा पांच ठिकाणीं त्यांनीं वेधशाळा उभारल्या. त्यांपैकीं मथुरेची नामशेष झाली. बाकीच्या चार आज पाहावयास मिळतात. जयपूरची सर्वांत भव्य. तेथील सम्राट्‌ यंत्राची उंची नव्वद फुटांच्या घरांत आहे. उज्जयिनीचें त्यापुढें धाकटें भावंडच म्हणावें, जेमतेम बावीस फुटांचें. परंतु स्थानमाहात्म्य ह्या धाकट्याचें मोठें.

राजेसाहेबांना हा व्याप करावासा कां वाटला? त्या काळच्या पंचांगांत व कोष्टकांत दिलेलीं ग्रहस्थानें आकाशांत दिसणाऱ्या स्थानांशीं जुळत नव्हतीं. प्रथम त्यांनीं पितळेचीं यंत्रें करविलीं. पण पितळी यंत्राचा आंस झिजतो, मध्यबिंदु ढळतो, आणि आकार लहान असल्यामुळें अंशांचे बारीक विभाग पाडतां येत नाहींत. मग त्यांनीं ठरविलें कीं यंत्र असें असावें कीं जें हलणारच नाहीं. चुना, दगड आणि भूमिति! ह्या वेधांवरून तयार झालेलीं कोष्टकें तत्कालीन बादशहाच्या नांवें 'झीज-इ-मुहंमदशाही' म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पदरीं जगन्नाथ सम्राट्‌ नांवाचे पंडित होते. ते महाराष्ट्रीय ब्राह्मण होते अशी परंपरा आहे. ह्या पंडितांनीं अरबी भाषेंतून युक्लिडाची भूमिति 'रेखागणित' ह्या नांवानें व टॉलेमीचा ग्रंथ 'सम्राट्‌सिद्धांत' ह्या नांवानें संस्कृतांत आणला. वेदपाठी घराण्यांतील मनुष्यानें अरबी शिकून ग्रीकांचें गणित देववाणींत मांडावें, आणि तें एका मोगल सरदाराच्या आश्रयानें! ज्ञानाला सोवळेंओवळें नसतें हें आपल्या पूर्वजांपैकीं कांहींना तरी आपल्याहून अधिक कळत होतें.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्या वेधशाळांचें कौतुक करतांना आपले कित्येक वक्ते, साऱ्या जगांत असें कांहीं नव्हतें, असें ठोकून देतात. तें खरें नाहीं. ज्या दशकांत ह्या भिंती उभ्या राहत होत्या त्याच दशकांत, १७२५ सालीं, इंग्लंडांत फ्लॅमस्टीडची दुर्बिणीच्या साहाय्यानें केलेली तारकांची सूची प्रसिद्ध झाली. जयसिंहांनीं पोर्तुगालला माणसें पाठवून ला हीर ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाचीं कोष्टकें आणविलीं, आपल्या वेधांशीं ताडून पाहिलीं व त्यांतील चुका काढल्या. पण दुर्बीण यंत्राला जोडण्याचा मार्ग त्यांनीं धरला नाहीं. नुसत्या डोळ्यांनीं वेध घेण्याच्या विद्येचा तो शेवटचा थोर दीप होता असें फार तर म्हणावें. तेवढें म्हणण्यांत कमीपणा कसला?

जयसिंह १७४३ सालीं वारले आणि पुढें पावणेदोनशें वर्षें उज्जयिनीच्या ह्या यंत्रांवर गवत उगवलें. १९२३ सालीं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनीं त्यांचा जीर्णोद्धार करविला आणि वेधशाळेचा कारभार गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे सोंपविला. 'सर्वानंदकरण' ह्या ग्रंथाचे कर्ते ते हेच. पंचांगशोधनाचा वाद ज्यांच्या घरीं आजोबांच्या काळीं रंगला असेल त्यांना हें नांव परकें वाटणार नाहीं. आज ही संस्था मध्यप्रदेश सरकारच्या शिक्षणखात्याकडे असून तिचें नांव जिवाजी वेधशाळा असें आहे. तेथून दरवर्षीं ग्रहस्थितीचें पंचांग निघतें. म्हणजे बाकीच्या तीन वेधशाळा आतां पाहण्याच्या वस्तु झाल्या असल्या, तरी हिचा संसार अजून चालू आहे.

असो. दर्शन करून आम्ही तेथें पोंचलों. आवारांत शिरतांच समोर सम्राट्‌ यंत्र. दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाणारा एक दुहेरी भिंतींचा जिना, आणि त्याच्या दोन्ही अंगांस पंख पसरावे तशीं दोन वर्तुळपादाकार बांधकामें. जिना कोठेंच जात नाहीं. वर गेलें कीं आकाश. "मग बांधला कशाला?" असें नातीनें विचारलें तें योग्यच होतें. त्या भिंतींच्या वरच्या कडा जमिनीशीं तेवीस अंश आणि कांहीं कलांचा कोन करतात. उज्जयिनीचा अक्षांशहि तेवढाच. म्हणून ह्या कडा पृथ्वीच्या आंसाला समांतर होतात आणि रात्रीं खालीं डोळा लावून कडेवरून पाहिलें तर नजर ध्रुवाकडे जाते. बाजूंचे दोन पंख विषुववृत्ताच्या पातळींत आहेत. सकाळीं भिंतीची छाया पश्चिमेकडील पंखावर पडते व तासागणिक खालीं उतरते. दुपारनंतर ती पूर्वेकडील पंखावर चढूं लागते. पंखांवर तास, मिनिटें आणि मिनिटाचे तृतीयांशहि कोरलेले आहेत. एका मिनिटाला अर्ध्या इंचाच्या आंतबाहेर जागा मिळते, त्यामुळें छाया सरकतांना प्रत्यक्ष दिसते. तें पाहून मी जागच्या जागीं खिळलों. सूर्य चालतो (किंवा पृथ्वी फिरते) हें वाचणें निराळें आणि बोटाखालून छाया सटकणें निराळें.

छायेची कड मात्र पाहिजे तशी रेखीव नसते. सूर्य हा बिंदु नव्हे, अर्ध्या अंशाएवढें बिंब आहे. त्यामुळें ऊन आणि सांवली ह्यांच्यामध्यें बोटभर अंधुक पट्टा राहतो. तेथें एखादी बारीक काडी कडेला समांतर धरावी. काडीची सांवली जेथें दिसेनाशी होते तेथें पूर्ण छाया. मीं खिशांतील पेन्सिलीनें तो प्रयोग केला आणि आंकडा वाचला : अकरा वाजून वीस मिनिटें.

नातीनें आईचा मोबाइल पाहिला आणि विजयानें म्हणाली, "आजोबा, तुमचें हें राजाचें घड्याळ चक्क एक्केचाळीस मिनिटें मागें आहे! आतां बारा वाजून एक मिनिट झालें."

वाचकहो, तें वाक्य ऐकून मला हसूं यावयास हवें होतें. तें आलें नाहीं. त्याचें कारण सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमचे तीर्थरूप रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत जोशीपण करीत. शिसवी लांकडाचा बारा अंगुळें उंचीचा शंकु ते अंगणांत सारवलेल्या जागीं रोवीत, त्याभोंवतीं वर्तुळ काढीत, आणि छायेचें टोंक वर्तुळांत शिरतांना व बाहेर पडतांना खुणा करून त्यांवरून पूर्वपश्चिम साधीत. त्यांचा मध्याह्न तो शंकु सांगे. १९७७ सालच्या वैशाखांत माझ्या धाकट्या बंधूची मुंज होती. मुहूर्त अभिजिताचा, म्हणजे दिवसाच्या पंधरा मुहूर्तांपैकीं मधला आठवा. मी मॅट्रिक होऊन अध्यापक विद्यालयांत जाऊं लागलों होतों आणि मामांनीं दिलेलें मनगटी घड्याळ माझ्या हातांत होतें. अभिजित म्हणजे बाराच्या आगेमागें चोवीस चोवीस मिनिटें, असें मीं कोठेंसें वाचलें होतें. घड्याळांत बारा चोवीस झाले आणि मी भर मांडवांत ओरडलों, "मुहूर्त टळला!" एकच गलबला झाला. तीर्थरूप मांडवाबाहेर शंकूपाशीं उभे होते. ते म्हणाले, "अजून छाया अर्धें अंगुळ पश्चिमेस आहे." पाहुण्यांपैकीं कोणी तरी हसलें. घड्याळापुढें काडीची काय मातबरी! चुलते घाई करूं लागले. तीर्थरूपांनीं एक शब्द काढला नाहीं. ते आंत येऊन पाटावर बसले, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकें कशीबशी आटोपलीं.

त्या संध्याकाळीं त्यांनीं शंकु उपटला, धुतला, पंचाच्या फडक्यांत गुंडाळला. पुन्हां अंगणांत तो रोवलेला मीं पाहिला नाहीं.

पुढच्याच वर्षीं भूगोलाच्या तासाला रेखांश आणि वेळ हा पाठ आला. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरील. आमचें गांव त्र्याहत्तर अंशांच्या थोडें पुढें. नऊ अंशांहून थोडा अधिक फरक, अंशास चार मिनिटें. वैशाखांत आमच्या अंगणांतला खरा मध्याह्न घड्याळाच्या साडेबाराच्या पुढें दोनतीन मिनिटांनीं होतो. छाया अर्धें अंगुळ होती म्हणजे मध्याह्नास नऊ मिनिटें अवकाश होता. तीर्थरूपांचें म्हणणें रेसभरहि चुकलें नव्हतें. शिवाय अभिजित एक वाजेपर्यंत पुरला असता. मुहूर्त टळला नव्हताच. मीं तो गणितानें त्या रात्रीं तीन वेळां ताडून पाहिला. तीर्थरूप त्यानंतर चौदा वर्षें होते. ह्या चौदा वर्षांत मीं त्यांस हें सांगितलें नाहीं. आज सांगूं, उद्यां सांगूं. पत्रांत लिहावें तर शोभत नाहीं, समोर बोलावें तर जीभ उचलत नाहीं. शेंकडों मुलांना मीं तोच पाठ शिकविला आणि घरांतल्या एका माणसापुढें तो म्हणून दाखविला नाहीं.

ह्या प्रकरणांत एकटें माझें अज्ञान होतें असेंहि नाहीं. प्रमाणवेळ आपल्याकडे १९०६ सालीं सुरू झाली. मुंबईनें तर १९५५ पर्यंत स्वतःची, एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली, मुंबई वेळ सोडली नाहीं. तीर्थरूपांच्या तरुणपणीं दोन घड्याळांचा फरक पोरासोरांनाहि ठाऊक असे. माझ्या पिढीच्या हातांत एकच घड्याळ आलें आणि तेंच सूर्य, अशी आमची समजूत झाली.

तेव्हां नातीला मीं जवळ बसविलें. यंत्राजवळ वेळेच्या दुरुस्तीचा तक्ता लावलेला आहे, तो तिला दाखविला. एक्केचाळीस मिनिटांचे दोन तुकडे पडतात. उज्जयिनीचा रेखांश पाउणेशहात्तर अंशांच्या आसपास. त्यामुळें प्रमाणवेळेपेक्षां येथील वेळ सत्तावीस मिनिटें मागें. हा भाग वर्षभर कायम. आपल्या ज्योतिषांत ह्यालाच देशांतर म्हणतात. उरलीं चवदा मिनिटें. तीं सूर्याच्या असमान गतीचीं. पृथ्वीची कक्षा दीर्घवर्तुळ, म्हणून वेग कमीजास्त. आणि क्रांतिवृत्त विषुववृत्ताशीं तिरपें, म्हणून आणखी भेद. जुन्यांनीं पहिल्यास भुजांतर व दुसऱ्यास उदयांतर अशीं नांवें दिलीं, आणि भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणीं'त उदयांतराचा विचार केला आहे. ह्या दोहोंचा मेळ फेब्रुवारीच्या मध्यास चवदा मिनिटें छायेस मागें ठेवतो, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं सोळा मिनिटें पुढें ढकलतो. म्हणजे आम्ही कार्तिकांत आलों असतों तर राजाचें घड्याळ अवघें अकरा मिनिटें 'चुकलेलें' दिसलें असतें.

"मग खरे बारा कधीं वाजतात?" तिनें विचारलें.

"मोबाइलच्या बारा एक्केचाळीसला."

"आपण थांबूं या."

घरांतील मंडळींना भूक लागली होती. चिरंजीवांनीं घड्याळाकडे दोनदां पाहिलें. पण नातीनें बसकण मारली आणि आमच्याकडे तिच्यापुढें कोणाचें चालत नाहीं.

मधल्या वेळांत बाकीचीं यंत्रें पाहिलीं. नाडीवलय यंत्र म्हणजे एक मोठें तिरपें दंडगोल. त्याच्या उत्तर व दक्षिण तोंडांवर तासांच्या खुणा. सूर्य उत्तर गोलार्धांत असतां उत्तरेचें तोंड उजळतें, दक्षिण गोलार्धांत असतां दक्षिणेचें. आम्ही गेलों तेव्हां दक्षिणेच्या तोंडावर लख्ख ऊन आणि उत्तरेचें थंडगार. विषुवदिनाला ह्या दोन्ही तोंडांची अदलाबदल होते. दिगंश यंत्र हें वर्तुळाकार भिंत व मध्यें स्तंभ असें आहे; ग्रह कोणत्या दिशेस किती अंशांवर आहे हें त्यावरून कळतें. तें दिवसा पाहून फारसें समजत नाहीं, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

शंकु यंत्र जीर्णोद्धारानंतर आपट्यांच्या देखरेखीखालीं बांधलेलें. गोल ओटा, मध्यें उभा शंकु, आणि ओट्यावर छायेच्या टोंकाच्या मार्गाच्या सात रेषा. मधली सरळ, ती विषुवदिनाची, आणि दोहों अंगांस बांक घेतलेल्या, अयनांतांपर्यंतच्या. त्या शंकूपाशीं मी बराच वेळ उभा राहिलों. त्याची छाया त्या वेळीं उंचीच्या पाऊणपट होती. ज्येष्ठांत येथें यावें असें म्हणतात, कारण २१ जूनच्या सुमारास मध्याह्नीं शंकूची छाया नाहींशी होते. बारकाईनें पाहिलें तर सध्यां कर्कवृत्त उज्जयिनीवरून जात नाहीं, सुमारें अठ्ठावीस किलोमीटर उत्तरेकडून जातें. अयनांताच्या दिवशीं सूर्यबिंबाचा मध्य डोक्यावरून पंधरा कला उत्तरेस सरकलेला असतो. पण बिंबाची त्रिज्याच सोळा कला! म्हणून बिंबाची एक कड खस्वस्तिकाला चिकटून असते आणि डोळ्यांना छाया दिसत नाहीं. प्राचीनांनीं परमक्रांति चोवीस अंश मानली, जयसिंहांनीं तेवीस अंश अठ्ठावीस कला धरली, आज ती सव्वीस कलांवर आली आहे. ती शतकास पाऊण कलेनें घटते. म्हणजे कर्कवृत्तच हळूहळू उज्जयिनीकडे चाललें आहे. आपल्याला घाई असते, त्याला नाहीं.

भिंतियंत्रापाशीं आलों तेव्हां बारा पस्तीस झाले होते. दक्षिणोत्तर उभी भिंत. मध्याह्नाच्या क्षणीं तिच्यावरील खुंटीची छाया कोरलेल्या कंसावर पडते आणि सूर्य खस्वस्तिकापासून किती अंश दूर आहे हें दाखविते. त्या दिवशींचा आंकडा सदतीस. त्यांतून येथील अक्षांश तेवीस अंश अकरा कला वजा केले कीं सूर्याची दक्षिण क्रांति हातीं येते. पंचांगांत ती कशी येते हें लहानपणीं मीं अनेकदां विचारलें होतें आणि तीर्थरूपांनीं शंकूकडे बोट दाखविलें होतें.

बारा एक्केचाळीस झाले. सम्राट्‌ यंत्राच्या पश्चिम पंखावरून छाया खालीं उतरून भिंतीच्या पायथ्याशीं आली आणि एक क्षण दोन्ही पंखांवर ऊन राहिलें. नात टाळ्या पिटीत "वाजले, वाजले" म्हणून ओरडली. मग पूर्वेच्या पंखाच्या तळाशीं एक काळी दोरी उमटली. मीं पेन्सिल धरली होती. माझा हात कांपत होता हें सूनबाईंनीं पाहिलें असावें, कारण त्यांनीं पाण्याची बाटली पुढें केली.

तेथूनच मीं पुण्याला धाकट्या बंधूस फोन लावला. सारी हकीकत सांगितली. अर्ध्या अंगुळाची, नऊ मिनिटांची, चौदा वर्षांची. तो पलीकडे बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मला मुंजीचें आठवतें तें भिक्षावळींतल्या लाडवांपुरतें. पण अण्णांना ठाऊक होतें."

"काय ठाऊक होतें?"

"तुझ्या भूगोलाच्या पुस्तकांतला तो पाठ त्यांनीं वाचला होता. तूं सुटीला आलास कीं ट्रंकेंतलीं तुझीं पुस्तकें ते काढून वाचीत. मला म्हणाले होते, तुझ्या दादाला आतां कळलें असेल. तो आपण होऊन बोलेल तेव्हां बोलेल. शंकु माझ्याकडेच दिला त्यांनीं. देवघराच्या खालच्या फळीवर आहे."

आम्हीं ठरविलें आहे कीं येत्या मे महिन्याच्या आठ तारखेस गांवच्या अंगणांत तो शंकु रोवावयाचा. त्या सुमारास आमच्या गांवीं सूर्य मध्याह्नीं नेमका डोक्यावर येतो आणि छाया पायाशीं विरते. घड्याळांत तेव्हां बारा वाजून तेहतीस मिनिटें होतील. वर्तुळ काढण्याचें काम नातीनें आपल्याकडे घेतलें आहे. सारवण्याचें घरांतील मंडळींकडे आहे आणि त्यांनीं तें भूक लागण्यापूर्वीं उरकण्याची अट घातली आहे.